सांध्यावरचा लाल ठिपका

“हे सांगितलं तर तुमच्या दोघींपैकी एकीचाही विश्वास बसणार नाही,” वायरमन म्हणाला आणि खुर्ची ओढून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला.

“मग कशाला तोंड दुखवून घेता?” बायको म्हणाली. ती मटार सोलत होती. मान वर करायची तिला गरज वाटली नाही.

“अगं आई, सांगू दे की! चार दिवसांसाठी आलेय, दोन थापा तरी ऐकून जाऊ दे,” मुलगी म्हणाली आणि ताटलीतले मूठभर मटार तिने तोंडात टाकले.

एकतीस वर्षांच्या संसारात वायरमनची एकही गोष्ट दुसऱ्या वाक्याने सुरू झाली नव्हती. गल्लीत त्याला ‘रेडिओ’ म्हणत, कारण सुरू सगळ्यांना करता यायचा, बंद करायचं बटण कोणाला सापडलं नव्हतं. त्याच्या खात्यावर एक उंदीर होता. त्या उंदराने मीटरभर वायर खाल्ली होती आणि पुढे आठवडाभर त्याच्या पोटातून सकाळच्या बातम्या ऐकू येत होत्या. एक स्पीकर होता, त्याच्या दणक्याने शेजारच्या बाईंची दोन वर्षं बंद पडलेली शिलाई मशीन आपोआप चालू झाली आणि एक अख्खा अभ्रा शिवून मोकळी झाली. लोक ऐकायचे, पोट धरून हसायचे, आणि वायरमनने वेळ सांगितली तरी स्वतःचं घड्याळ बघून घ्यायचे.

आज मात्र त्याच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. बायकोने ती पाहिली होती. दिवा लावावा की राहू द्यावा अशी वेळ होती. दाराजवळच्या खुंटीला त्याची कामाची पिशवी लटकत होती. एरवी तो आल्याआल्या ती उघडून पक्कड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर पुसून ठेवायचा. आज ती तशीच, तोंड बांधलेली.

“तर टेकाडाच्या रस्त्यावर एक जुनं घर आहे,” तो म्हणाला. “तिथे गाण्याचे एक मास्तर राहतात. आणि त्यांचे कान काय सांगू! भिंतीवर मुंगी चढायला लागली तर ती कुठल्या पायाने लंगडते तेसुद्धा सांगतील.”

“डाव्या की उजव्या?” मुलीने विचारलं.

“मुंगीला सहा असतात. मास्तर नंबर सांगतात.”

मुलगी हसली. गाडी रुळावर आली होती.

टेबलाशी त्याने सांगितलं ते आणि तिथे घडलं ते, यात सुरुवातीला फारसा फरक नव्हता. थोडी फोडणी, बस. मास्तरांच्या घरी रंगकाम झालं होतं. रंगाऱ्यांनी कपाटं हलवताना स्पीकरच्या तारा हिसकून काढल्या होत्या, त्या पुन्हा जोडून हव्या होत्या. पण एक गोष्ट त्याने टेबलाशी सांगितली नाही. मास्तरांनी दुकानात निरोप धाडला होता तो असा, ‘एकतीस वर्षांपूर्वी ज्याने जोडून दिलं होतं त्यालाच पाठवा. दुसरा नको. तो माणूस खरं बोलतो.’

दुकानदार हा निरोप वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. “अरे रेडिओ, तुला म्हणतात बरं का! खरं बोलणारा म्हणे!” गिऱ्हाइकंही हसली. वायरमनही हसला. पण टेकाड चढताना त्याला वाटलं, आपण जरा ताठ चालतोय. सबंध शहरात एक माणूस होता म्हणायचा!

दार मास्तरांच्या धाकट्या बहिणीने उघडलं. साठीच्या बाई, केसांचा घट्ट अंबाडा, बाहीवर ओल्या रंगाचा एक पांढरा डाग. त्याच्याकडे बघून त्या पहिलंच वाक्य बोलल्या, “आलात? या. उंदीर कसा आहे?”

“कुठला उंदीर?”

“वायर खाल्लेला. तेव्हा याच घरात सांगितलं होतंत मला. मी अजून सांगते कोणकोणाला.”

“बरा आहे,” वायरमन म्हणाला. “नातवंडं झाली. एक जण हवामानाचा अंदाज देतो.”

बाई मनापासून हसल्या, आणि हसताहसता त्यांनी चटकन आतल्या दाराकडे पाहिलं. त्या घरात मोठ्याने हसायची सवय गेलेली दिसत होती.

आतून आवाज आला, “त्यांच्या डाव्या चपलेचा टाका सुटलाय. येऊ द्या आत.”

वायरमनने पाय उचलून पाहिलं. टाका सुटला होता.

मास्तर बहात्तरीचे. अंगाने वाळलेले, पण पाठ सरळ. खोलीत एकच खुर्ची होती आणि ती दोन स्पीकरच्या बरोबर समोर, दोघांपासून सारख्या अंतरावर ठेवलेली. रंगाऱ्यांनी हलवली असणार, कारण वायरमन आत गेला तेव्हा मास्तर तिला बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत होते. दुसरी खुर्ची नाही, तक्के नाहीत, शिकणाऱ्यांसाठी काही नाही; खाली नुसता जुना गालिचा. गाण्याच्या मास्तरांची खोली इतकी रिकामी त्याने पाहिली नव्हती.

तो खाली बसला आणि कामाला लागला.

वायर सोलणं म्हणजे मटार सोलणं नव्हे, हे त्याने आजवर शंभर वेळा बायकोला ऐकवलं होतं. वरचं रबर निघालं पाहिजे आणि आतल्या तांब्याचा एक केससुद्धा तुटता कामा नये. चाकू फिरवायचा तो जेमतेम टेकवून, मग नखाने धरून ओढायचं की टोपी काढल्यासारखं कवच हातात येतं. आत केसांसारखे बारीक तंतू. ते अंगठा आणि बोटात धरून एकाच दिशेने पिळायचे, म्हणजे एखादा फुटून शेजारच्या तारेला जाऊन चिकटत नाही. प्रत्येक स्पीकरला दोन तारा, एक प्लस, एक मायनस, दिसायला जुळ्या बहिणी. फरक एवढाच की एकीच्या रबरावर बारीक रेघ असते. प्लसची प्लसला, मायनसची मायनसला. शेंबडं पोरही जोडेल, असं वाटतं.

म्हणून तर वायरमनची ती प्रसिद्ध नेलपॉलिशची बाटली. तरुणपणी तो तार सोलल्यासोलल्या प्लसच्या टोकाला लाल ठिपका द्यायचा. पुढे त्याला साध्या सेलची युक्ती कळली. तारेची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवायची. जोडणी सरळ असेल तर स्पीकरचा पडदा बाहेर उडी मारतो, उलटी असेल तर आत दबतो. तेव्हापासून आधी तपासायचं, बरोबर निघालं की मग ठिपका. ठिपका ही त्याची सही होती. गोष्टीत तो वाटेल ते सांगेल, पण चुकीच्या जोडणीवर त्याने ठिपका कधी दिला नसता, गिऱ्हाइकाने पाठीवर बंदूक लावली तरी. जुनी बाटली वाळून गेली होती, म्हणून आज सकाळीच बायकोने नवी आणून दिली होती आणि वर टोमणाही मारला होता, “ही तरी कावळ्याला देऊ नका.”

कावळ्याचं प्रकरण जुनं. लग्नाला महिना झाला असेल, तिची पहिली बाटली, गडद लाल, खिडकीतून नाहीशी झाली. नव्या नवऱ्याने हातवारे करून सांगितलं की कावळ्याने नेली, चोचीत धरून, आणि जाताना कावळीसाठी आहे असंही म्हणाला. ती हसली होती. त्याने तिला मारलेली ती पहिली थाप.

“केस तुटला एक,” खुर्चीतून मास्तर म्हणाले.

वायरमनने खाली पाहिलं. गुडघ्याजवळ तांब्याचा एक तंतू पडला होता. मिशीच्या केसाएवढा.

“मास्तर, तुम्हाला हे ऐकू आलं?”

“हे येतं हो. नळ गळतो ते येतं, चपला येतात.” मास्तरांनी हात हलवला. “खरं ते गेलं. आणि कधी गेलं ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?”

वायरमन नुसताच हसला. हे काय चाललंय, त्याला कळेना.

“विसरलात? साहजिक आहे. तुमच्यासाठी ते रोजचं काम.” मास्तर स्पीकरकडे बघत बोलत होते. “हे यंत्र विद्यार्थ्यांनी दिलं मला. तुम्ही जोडलंत, मी इथेच बसलो, आणि तुम्हाला म्हणालो, काहीतरी चुकतंय. दोन स्पीकर असले की गाणारा मधोमध उभा राहायला हवा, इथे, माझ्या समोर. हा कुठे उभाच राहत नाही. भिंतीमागून गातोय. खर्ज तर नाहीच. तुम्ही यंत्राकडची टोकं पाहिलीत, स्पीकरकडची पाहिलीत. आणि म्हणालात—”

“काय म्हणालो?”

“म्हणालात, ‘मास्तर, तार सरळ आहे. कान तपासून घ्या.’”

वायरमनला ते वाक्य आठवलं नाही. पण ते आपलंच आहे हे त्याला लगेच पटलं. पंचविशीत तो सगळ्यांनाच तसं म्हणायचा. चित्र अंधूक दिसतं म्हणणाऱ्याला चष्मा घ्या म्हणायचा, झटका बसला म्हणणाऱ्याला लग्न करा म्हणायचा. लोक हसायचे आणि चहा द्यायचे.

“तपासले,” मास्तर म्हणाले. “डॉक्टर म्हणाला ठणठणीत आहेत. पण त्याची मुलगी माझ्याकडे शिकत होती, तो कुठल्या तोंडाने सांगणार? दुसऱ्या दिवशी शिकवायला बसलो. सात जणी होत्या. एकीने सूर लावला. मला वाटलं चढा लागलाय. मग वाटलं, तिचा चढलाय की माझा कान उतरलाय? सांगता येईना. सबंध तास मी एकीलाही काही सांगू शकलो नाही. महिन्याभरात वर्ग बंद केला.”

“आणि तुमचं गाणं?”

“ते आधी बंद केलं.” मास्तर त्याच्याकडे वळले. त्यांचा चेहरा चक्क प्रसन्न होता. “तुमचे आभार मानायचे राहिले होते. बाकी सगळे तोंडपुजे. तुम्ही नसतात तर मी अजून गात बसलो असतो, आणि लोक समोर वा वा करून जिन्यात हसले असते. तसे हसलेले मी पाहिलेत, दुसऱ्यांना. मी मानाने थांबलो. वेळेवर. तुमच्या एका खऱ्या शब्दामुळे.”

वायरमनने मान खाली घातली आणि उरलेलं टोक सोलायला घेतलं. छाती फुगावी असं बोलणं होतं, आणि थोडी फुगलीही. तारा यंत्राला लावण्याआधी त्याने खिशातून सेल काढला आणि डाव्या स्पीकरची टोकं टेकवली. पडदा बाहेर उडाला. मग उजव्याची टेकवली.

पडदा आत दबला.

त्याने स्पीकरच्या मागे जाऊन पाहिलं. रेघेची तार लाल चिमट्यात होती, बरोबर होती. यंत्राकडचं टोक पाहिलं. तेही बरोबर. पुन्हा सेल टेकवला. पुन्हा आत. मग त्याने तार अंगठ्याने चाचपत भिंतीच्या कडेने जायला सुरुवात केली, गुडघ्यांवर, गालिच्याच्या काठाखाली हात घालून. खिडकीच्या अलीकडे हाताला एक गाठ लागली.

सांधा. तार कमी पडली म्हणून मध्ये जोडलेला तुकडा. वरच्या टेपचा गोंद वितळून काळा चिकट झाला होता. तो नखाने सोडवत गेला, आणि आतून लाल ठिपका निघाला. मग दुसरा. दोन्ही प्लसवर अगदी जिथल्या तिथे ठिपके होते. फक्त लालला लाल पिळलेलं नव्हतं. लालला कोरी आणि कोरीला लाल. दोन्ही टोकांशी सगळं सरळ, आणि मधोमध, गालिच्याखाली, दोन्ही तारा एकमेकींच्या घरी गेलेल्या.

तो लाल रंग त्याने अंधारातही ओळखला असता.

“म्हणजे तार उलटी होती?” मुलगी टेबलाशी म्हणाली. “एकतीस वर्षं?”

“एकतीस.”

“आणि कोणाला कळलं नाही?”

“कळणार कसं? एक स्पीकर पडदा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो. दोघं मिळून मधला आवाज खाऊन टाकतात. गाणारा पोकळ होतो. मास्तरांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पण ज्या गाढवाने जोडली, त्याने दोन्ही टोकं पाहिली आणि छातीठोकपणे सांगितलं, कान तपासा.”

“कोण हो बाबा, तो गाढव?”

“होता एक,” वायरमन म्हणाला. “हल्ली दिसत नाही.”

“आणि तिथे खूण होती म्हणालात,” बायकोने विचारलं. मटाराची एक शेंग तिच्या हातात अर्धी उघडून राहिली होती. “कसला लाल?”

“लाल म्हणजे लाल. रंग असेल काहीतरी.”

“हं,” बायको म्हणाली आणि शेंग पुरी उघडली.

त्याला आठवत होतं, आणि ते टेबलाशी सांगण्यासारखं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी त्या दिवशी तो तिथेच, खिडकीखाली बसला होता. चारही टोकं सोललेली, ठिपके दिलेले, पिळायची तेवढी बाकी. तेवढ्यात मास्तरांची बहीण चहा घेऊन आली आणि दाराशी रेंगाळली. ऐकणारं माणूस मिळालं. त्याने उंदीर सुरू केला. उंदराच्या पोटातून बातम्या लागतात तिथे बहीण खळखळून हसली, म्हणून त्याने तिच्या तोंडाकडे बघत बातम्यांचा आवाजही काढून दाखवला, आणि बोटं आपली खाली पिळत राहिली. आंधळी. एकदा पीळ, दुसऱ्यांदा पीळ, वर टेप. जगातली सगळ्यात मोठी चूक करायला त्याला एक बातमीपत्र पुरलं.

आज तो उघडा सांधा तसाच सोडून तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. बहिणीने पेला भरून दिला. त्याने पाणी प्यायलं, पेला पुन्हा पुढे केला, पुन्हा प्यायला. हातभर लांब जीभ असलेला माणूस, आणि एक सरळ वाक्य निघेना.

“ताई,” तो शेवटी म्हणाला, “मास्तरांना जर कळलं, म्हणजे समजा, की त्यांचे कान—”

“बरे होतील?” बाई कडवट हसल्या. “आता कशाला? हे बघा, दादा त्या एका गोष्टीवर तगलाय. मानाने थांबलो, वेळेवर थांबलो. आल्यागेल्याला सांगतो, कोणी नसलं की मला सांगतो. तेवढंच आहे त्याच्याकडे. रोज दुपारी चारला खुर्चीत बसतो, गाणं लावतो, आणि म्हणतो, ऐक, अजून भिंतीमागेच आहे. मग त्याला बरं वाटतं. आपण चुकलो नाही, असं.”

त्यांनी पेला विसळून पालथा घातला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मला मात्र त्याचं गाणं अजून ऐकायचं होतं हो. न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नाही. एकदा झोपेत एक ओळ म्हणाला. मी उठून दाराशी बसून राहिले, पण पुढची आलीच नाही.”

वायरमन खोलीत परतला. चारला पाच मिनिटं कमी होती. मास्तर खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. गालिच्याच्या काठाशी सांधा उघडा पडला होता, दोन लाल टोकं, दोन कोरी.

“झालं का?” मास्तरांनी विचारलं. “बांधा ते काय असेल ते, आणि लावा. आणि मला खरं काय ते सांगा. तुमच्याकडून ऐकायला मला काही वाटत नाही.”

वायरमन बोलायचा थांबला. स्वयंपाकघरात आता नीट अंधार झाला होता. मुलीने हात लांबवून दिवा लावला.

“थांबलात काय? मग? सांगितलंत?” तिने विचारलं.

चहावरची साय त्याने बोटाने बाजूला केली आणि पेला तोंडाला न लावताच खाली ठेवला. मग त्याने खांदे मागे टाकले. एकतीस वर्षं गल्लीला हसवणारा आवाज त्याने घशातून वर ओढला.

“मग? मग काय, गेलो सरळ मास्तरांच्या पुढ्यात. म्हणालो, मास्तर, तुमचे कान सोन्याचे आहेत. एका गाढवाने सांधा उलटा बांधला होता. हे बघा, लालला लाल, कोरीला कोरी, दिला पीळ, मारला टेप. आणि लावलं गाणं. काय सांगू पोरी! तो गाणारा भिंतीतून निघाला, गालिच्यावरून चालत आला आणि मास्तरांच्या नाकासमोर उभा राहिला. मास्तरांनी पाय आखडून घेतले, तुडवेल म्हणून!”

मुलीने टेबलावर थाप मारली. “आणि चिडले नाहीत? एकतीस वर्षं गेली त्यांची!”

“चिडतात कशाला? हसले. असे हसले, असे हसले, की नवा रंग भिंतीवरून पोपडे धरून पडायला लागला. म्हणाले, त्या गाढवाला माझा नमस्कार सांगा, त्याच्यामुळे गळा जपून राहिला. आणि मग गायले.”

“खरंच गायले?”

“गायले म्हणजे! पहिला सूर लावला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसऱ्याला रस्त्यावरची कुत्री जागच्या जागी बसली. तिसऱ्याला शेजारच्या बाईंची शिलाई मशीन—”

“ती तिथेही पोचली का?” मुलगी डोळे पुसत हसायला लागली. “अहो बाबा, ती मशीन आपल्या शेजारी होती ना!”

“भाड्याने दिली असेल. तू ऐक. बहीण दाराशी उभी. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाली, उंदराला माझा आशीर्वाद सांगा.” त्याचा आवाज तिथे थोडा सरकला, गाडीचं चाक खडीवरून सरकावं तसा, पण त्याने सावरून घेतलं. “सात जणींपैकी तीन तर उद्यापासून परत शिकायला येणार आहेत. निरोप गेलेसुद्धा.”

“आणि तुमचा ठिपका? दिलात का सही म्हणून?” मुलीने विचारलं.

“दिला की! चुकायचा नाही. लाल, ठसठशीत, शर्टाच्या बटणाएवढा. नवी बाटली, नवा रंग. मास्तर म्हणाले, हा मला अंधारातही ऐकू येतोय.”

मुलगी हसत राहिली. वायरमन तिच्याबरोबर हसला, आणि हसताना त्याची नजर फिरत फिरत बायकोवर गेली. ती हसत नव्हती. तिने मटाराची ताटली बाजूला सारली, पदराला हात पुसले, उठली आणि दाराजवळच्या खुंटीपाशी गेली. पिशवीचं तोंड सोडवायला तिला वेळ लागला. गाठ फार घट्ट मारलेली होती. आत हात घालून तिने पक्कड बाजूला केली, चाकू बाजूला केला, काळ्या टेपचं भेंडोळं बाजूला केलं. मग परत आली आणि दिव्याखाली, त्याच्या गार झालेल्या चहाशेजारी, बाटली ठेवली.

झाकणावरची पारदर्शक पट्टी सकाळी होती तशीच होती. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

“आई, काय गं?” मुलीने विचारलं.

बायको मुलीकडे वळली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, त्यामुळे ते सहन करायला जास्त जड होतं.

“कावळ्याने नेलेली माझी बाटली सापडली म्हणायची आज,” ती म्हणाली. “गालिच्याखाली.”

वायरमनने बाटली उचलली. झाकणावरची पट्टी अंगठ्याखाली झाकली.

“आणि बाकीचं खोटं,” ती म्हणाली. “सांधा तुम्ही होता तसाच, उलटा बांधून आलात. सांगितलंच नाहीत तुम्ही त्यांना.”